येसान येथील छुसाचें घर

दक्षिण कोरियांतील दक्षिण चुंगचॉंग प्रांतांत, येसान परगण्यांत, एका ठेंगण्या टेकडीच्या पायथ्याशीं लांकडी खांबांचें व कौलारू छपराचें एक जुनें घर जपून ठेवलेलें आहे. कोरियन पंडित व सुलेखक किम जॉंग-हुई (१७८६–१८५६) याच्या घराण्याचें हें घर. स्वदेशांत तो 'छुसा' या उपनांवानेंच ओळखला जातो. त्यानें आयुष्यांत धारण केलेलीं उपनांवें शंभराच्या वर भरतात; त्यांतून लोकांनीं हें एक उचललें आणि बाकीचीं पंडितांकडे सोंपविलीं.

घर हा कांहीं ग्रंथ नव्हे, मग त्यावर टीका कशी करावयाची, असें कोणी विचारील. आमचें म्हणणें असें कीं, स्मारक म्हणून राखलेलें घर हा एक ग्रंथच असतो, आणि तोहि संपादित. त्यांत काय ठेवावें, काय गाळावें, कोणतें पान पुढें आणावें हें कोणीतरी ठरविलेलें असतें. छुसाचें घर काळाच्या ओघांत परक्यांच्या हातीं जाऊन मोडकळीस आलें होतें. १९७६ सालीं तें संरक्षित वास्तु ठरलें व त्या सुमारास त्याचा जीर्णोद्धार झाला. तेव्हां आज आपल्यापुढें आहे ती संपादकांची आवृत्ति होय. संपादन सुबक आहे, याविषयीं वाद नाहीं. परंतु छुसासारख्या माणसाचें चरित्र सुबक नव्हतें, आणि खरी अडचण येथेंच उत्पन्न होते.

घर बांधलें तें छुसाच्या पणजोबानें. हा किम हान-सिन राजा यॉंगजो याचा जांवई. प्रांतांतील ५३ तालुक्यांनीं प्रत्येकीं एक खण बांधून दिला व त्यामुळें वाडा ५३ खणांचा झाला, अशी आख्यायिका आहे. आज उभें आहे तें घर त्याहून लहान आहे. १७५८ सालीं हान-सिन वारला तेव्हां त्याची पत्नी, राजकन्या ह्वासुन, हिनें अन्नपाणी सोडलें. राजा स्वतः मुलीकडे येऊन तिची समजूत घालून गेला, पण ती बधली नाहीं. चौदा दिवसांनीं तिचा प्राण गेला. तिच्या पातिव्रत्याच्या सन्मानार्थ लाल द्वार उभारावें ही दरबाऱ्यांची विनंति यॉंगजोनें मान्य केली नाहीं. बापाचा शब्द मोडून मेलेल्या लेकीचा गौरव बापानें कसा करावा, असें त्यास वाटलें. तें द्वार पुढें १७८३ सालीं त्याचा नातू राजा जॉंगजो यानें दिलें आणि अद्यापि तें तेथें उभें आहे. आमच्या वाचकांस या कथेंत ओळखीचें पुष्कळ दिसेल, म्हणून तीवर भाष्य करीत नाहीं. एवढेंच ध्यानांत असूं द्यावें कीं, या परिसरांत स्त्रीचें जें स्मारक आहे तें तिच्या उपासाचें आहे. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

घराचे मुख्य भाग दोन. दर्शनी भाग पुरुषांचा, त्याला 'सारांगछे' म्हणतात. तो काटकोनांत वळलेला असून खोल्यांपुढें उघडी पडवी आहे. पाहुणे, पुस्तकें, शाई, कुंचले, काव्यशास्त्रविनोद हें सर्व येथें. त्याच्या मागें स्त्रियांचा भाग, 'आन्छे'. हा चौकोनी, मध्यें चौक असलेला, आणि बाहेरच्यास आंतलें कांहीं दिसूं नये अशा बेतानें बांधलेला. आपल्याकडील चौसोपी वाड्याची आठवण करून देणारी ही रचना आहे. सर्वांत मागें छुसाची तसबीर ठेवण्याकरितां त्याच्या मृत्यूनंतर बांधलेलें एक छोटें देवघरवजा दालन आहे. अंगणांत एक दगडी स्तंभ आहे. त्याची सावली पाहून वेळ मोजीत. त्यावरचीं दोन अक्षरें छुसाचा मुलगा सांग-ऊ यानें बापाच्या वळणानें लिहिलेलीं आहेत, असें सांगतात. सांग-ऊ हा विवाहबाह्य संबंधांतून झालेला, म्हणून वारसाहक्कास मुकलेला. घराण्याचें नांव चालविण्यासाठीं छुसानें दुसरा मुलगा दत्तक घेतला होता. नांव एकाकडे गेलें, अक्षर दुसऱ्याकडे.

परंतु पाहणाराचें लक्ष प्रथम वेधतात ते खांब. जवळजवळ प्रत्येक खांबावर एकेक उभी फळी लावलेली असून तीवर छुसाच्या अक्षरांच्या नकला कोरलेल्या आहेत. पहिल्या दर्शनीं ही हौस अतिरेकाची वाटते. ज्याच्या घरीं आलों त्याचेंच हस्ताक्षर भिंतोभिंतीं, खांबोखांबीं. जणूं घरधनी जागोजागीं उभा राहून 'मीच तो' असें सांगत आहे. तथापि थोडा विचार करतां हा आक्षेप अर्धाच टिकतो. खांबांवर जोडओळी लटकविण्याची चाल चीन व कोरिया या देशांत जुनी आहे. तसल्या ओळी त्यासाठींच लिहिल्या जात, आणि त्या कांचेच्या कपाटांत पाहण्यापेक्षां वाऱ्याउन्हांत, येतां-जातां पाहणें हेंच त्यांच्या जातीस धरून आहे. तेव्हां फळ्या लावल्या ही चूक नव्हे.

तक्रार करावयाची तर निराळी करावी लागेल. आपण चांगल्या अक्षरास मोत्यासारखें म्हणतों. सारखेपणा, गोलाई, स्वच्छता हे गुण आपण त्यांत पाहतों. छुसाचें प्रौढ अक्षर या कसोटीस मुळींच उतरणार नाहीं. त्यांत एक रेघ तुळईएवढी जाड, तर शेजारची काडीसारखी बारीक. एक अक्षर अंग चोरून बसलेलें, दुसरें पाय पसरून वाट अडविणारें. चीनच्या प्राचीन हान काळांतील शिलालेखांचें वळण त्यानें वर्षानुवर्षें गिरविलें, आणि त्या दगडी अक्षरांतील ओबडधोबड जोम कागदावर आणला. ही लिपि समकालीनांपैकीं कित्येकांस विक्षिप्त वाटली. आतां अशा अक्षराचा सारा प्राण शाईंत असतो: कुंचला कोठें भरलेला होता, कोठें कोरडा पडून कागदावर नुसते ओरखडे उमटले, हात कोठें थबकला व कोठें धांवला. लांकडांत कोरून रंग भरला म्हणजे हें सर्व सपाट होतें. आकृति राहते, हालचाल जाते. शिवाय फळी वय सांगत नाहीं. छुसाच्या बाबतींत वय हीच मुख्य गोष्ट आहे. कारण त्याचें अक्षर जन्मापासून असें नव्हतें, तें तसें होत गेलें, आणि तें होण्यासाठीं त्याला हें घर सोडावें लागलें.

त्याच्या विद्वत्तेविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. १८०९ सालीं त्याचा बाप राजदूतमंडळाबरोबर पेकिंगला गेला, तेव्हां विशी ओलांडलेला छुसा त्याच्या सोबत होता. तेथें वयोवृद्ध वेंग फांग-कांग व विद्वान् अधिकारी र्‍वान य्वान या दोघांची त्याला गांठ पडली. ग्रंथांतील वचनांवर डोळे मिटून विश्वास न ठेवतां पुराव्यानें सत्य शोधावें, ही त्या काळच्या चिनी पंडितांची दृष्टि तो घेऊन परतला. र्‍वानच्या आडनांवावरून त्यानें 'वान्दांग' हें एक उपनांवहि घेतलें. पेकिंगहून आणलेल्या बियांतून त्यानें लावलेलें पांढऱ्या सालीचें चीडाचें झाड घराजवळ त्याच्या खापरपणजोबाच्या थडग्यापाशीं आजहि आहे. त्याच्या तीन फांद्यांपैकीं दोन मोडल्या, एक उरली.

त्या नव्या दृष्टीचें फळ १८१६ सालीं दिसलें. सोलच्या उत्तरेस बुखान पर्वताच्या एका शिखरावर एक झिजलेला शिलालेख होता. तो कोण्या जुन्या भिक्षूचा, अशी लोकांची समजूत होती. छुसा स्नेह्यासह वर चढला, शेंवाळ खरवडलें, ठसे घेतले, पुढल्या वर्षीं पुन्हा गेला, आणि तो लेख सहाव्या शतकांतील सिल्लाचा राजा जिन्हुंग याचा असल्याचें त्यानें सिद्ध केलें. कोरियांतील शिलालेख-विद्येचा आरंभ पुष्कळ लोक येथून मानतात. मात्र हें शोधकार्य झाल्यावर त्यानें त्या प्राचीन दगडाच्या कडेवर 'मीं येऊन वाचला' अशा अर्थाचा स्वतःचा मजकूर कोरविला! पुराव्याच्या पंडितानें पुराव्यावरच सही ठोकावी, हें पाहून हंसूं येतें. तारुण्यांतल्या छुसास आपल्या थोरवीविषयीं शंका नव्हती. खांबाखांबांवरून 'मीच तो' म्हणणारें येसानचें घर या छुसाचें चित्र बरोबर काढतें, हेंहि कबूल केलें पाहिजे.

१८४० सालीं दरबारांतील पक्षद्वेषानें एक जुनें प्रकरण उकरून काढलें, आणि छुसा पकडला गेला. मारझोड होऊन त्यास जेजू बेटावर, देजॉंग गांवीं, कांटेरी कुंपणाच्या आंत बंदिवासाची शिक्षा झाली. वाटेंत देहुंगसा मठांत त्याचा समवयस्क स्नेही, चहाचा मोठा जाणता भिक्षु छोई, राहत असे. तेथें त्यानें यी ग्वांग-सा नांवाच्या आदल्या पिढीतील सुलेखकाची पाटी पाहून नाक मुरडलें, ती उतरवून आपली लावविली, आणि आठ वर्षांनीं सुटून येतांना तीच जुनी पाटी शोधून परत टांगावयास सांगितली, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, ती रचणाऱ्यास छुसाचें मर्म कळलें होतें. बाक ग्यू-सू या त्याच्यानंतरच्या जाणकारानेंहि असाच अभिप्राय दिला आहे कीं, समुद्रापार जाऊन आल्यावरच छुसाचें अक्षर दुसऱ्याच्या ऋणांतून मोकळें झालें.

जेजूहून त्यानें बायकोला लिहिलेलीं पत्रें हा या सर्व वाङ्मयांतील आमच्या मतें सर्वांत जिवंत भाग. स्नेह्यांस व पंडितांस तो चिनी लिपींत लिही. बायकोला मात्र कोरियन हांगुल लिपींत, कारण स्त्रियांच्या वाचनांतली लिपि तीच. हांगुल लिपींतलीं त्याचीं एकंदर सुमारें चाळीस पत्रें उपलब्ध आहेत. त्यांत ज्ञानचर्चा नाहीं. आहे काय, तर जेवणाची तक्रार. घरून पाठविलेले जिन्नस समुद्र ओलांडून येईतों नासले, लोणचीं आंबलीं, अमुक पाठवा, तमुक चांगलें बांधून पाठवा, कपडे पाठवा. इतका मोठा पंडित आणि वाटीभर तोंडीलावण्यासाठीं असा हळवा झालेला पाहून प्रथम मौज वाटते. मग ध्यानांत येतें कीं, या माणसास घराची आठवण सांगण्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती. १८४२ सालीं ती बायको येसानला वारली. बातमी बेटावर पोंचण्यास महिना लागला, आणि मधल्या दिवसांत तो तिच्या प्रकृतीची चौकशी करणारीं पत्रें लिहीतच होता. तीं ज्या घरीं पोंचलीं तें हेंच घर.

त्यानंतर दोन वर्षांनीं, १८४४ सालीं, त्यानें 'सेहान्दो' हें चित्र काढलें. यी सांग-जॉक हा त्याचा शिष्य व्यवसायानें दुभाषी. पेकिंगच्या फेऱ्यांत तो दुर्मिळ ग्रंथ मिळवी आणि वर्षामागून वर्ष ते जेजूला पाठवी. त्यांतला एक संग्रह १२० भागांचा होता. हेच ग्रंथ एखाद्या सत्ताधीशाच्या दारीं नेऊन दिले असते तर त्याचें कल्याण झालें असतें. पण तो ते एका पदच्युत कैद्याला पाठवीत राहिला. त्याचे उपकार मानण्यासाठीं हें चित्र. थंडी पडल्यावरच चीड व सरू यांची खरी ओळख पटते, अशा आशयाचें कन्फ्यूशसचें जें प्रसिद्ध वचन आहे त्यावरून चित्राचें नांव पडलें आहे.

चित्र सुमारें २४ सेंटीमीटर उंच व ७० सेंटीमीटर लांब. कोरड्या कुंचल्यानें ओढलेल्या थोड्याशा काळ्या रेघा: चार झाडें आणि मध्यें एक घर. घराला एक गोल दार आहे, बाकी कांहीं नाहीं. माणूस नाहीं, वाट नाहीं, चूल पेटल्याची खूण नाहीं. चित्रकलेचा विद्यार्थी येथें चुका दाखवील, आणि त्या आहेतच: दाराची जाडी एका बाजूनें पाहिल्यासारखी, छप्पर व भिंत दुसऱ्या बाजूनें. असें घर उभें राहणार नाहीं. तें जेजूच्या गवती, दगडी भिंतींच्या घरासारखें नाहीं, आणि येसानच्या घरासारखें तर नाहींच नाहीं. शेजारीं आंखलेल्या चौकटींत एकेक अक्षर नीट बसवून त्यानें शिष्यास उद्देशून मजकूर लिहिला आहे. चित्र जितकें सैल तितकें हें अक्षर आवरलेलें. कोंपऱ्यांत, आपणां दोघांस एकमेकांचा विसर न पडो, अशा अर्थाची एक लहानशी मुद्रा उमटविलेली आहे. पुराव्यावर सही ठोकणारा तो तरुण येथें कोठेंहि दिसत नाहीं.

यी सांग-जॉकनें हें चित्र पेकिंगला नेऊन तेथील विद्वानांस दाखविलें, आणि सोळा जणांनीं त्यावर आपले अभिप्राय लिहिले. पुढें अधिक लेख जोडले जाऊन ती गुंडाळी १४ मीटरांहून लांब झाली. विसाव्या शतकांत ती फुजित्सुका चिकाशी या जपानी पंडिताकडे होती. छुसाच्या विद्वत्तेचा इतका कसून अभ्यास त्या वेळीं क्वचितच दुसऱ्या कोणीं केला असेल. युद्ध ऐन भरांत असतां सोन जे-ह्यॉंग हा कोरियन सुलेखक तोकियोस गेला, फुजित्सुकाच्या दारीं रोज हजेरी लावूं लागला, आणि अखेरीस त्या वृद्धानें चित्र त्याच्या स्वाधीन केलें. त्यानंतर थोड्याच अवधींत, १९४५ सालीं, बाँबवर्षावांत फुजित्सुकाच्या संग्रहाचा मोठा भाग जळाला. (उरलेला भाग त्याच्या मुलानें २००६ सालीं, छुसानें आपलीं अखेरचीं वर्षें जेथें काढलीं त्या ग्वाचॉन शहरास देऊन टाकला, राजकीय वैराच्या इतिहासांत असलीं पानें थोडीं, म्हणून मुद्दाम नमूद केलें.) २०२० सालीं तिच्या मालकानें ही गुंडाळी कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयास दान केली.

आतां हिशेब पाहा. येसानचें घर पडलें व पुन्हा उभारलें. देजॉंग येथील बंदिवासाचें घर १९४८ सालच्या जेजूवरील भीषण उत्पातांत जळालें आणि १९८४ सालीं नव्यानें बांधलें. फुजित्सुकाचें ग्रंथालय गेलें. बुखानचा शिलालेख संरक्षणासाठीं खालीं आणला गेला; शिखरावर त्याची नक्कल आहे. या सर्व पडझडींत धक्का न लागतां राहिलेलें छुसाचें एकच घर म्हणजे तें कागदावरचें, जें कोणी बांधूं शकला नसता.

बांधूं शकला नसता, असें म्हणालों खरें. पण तो प्रयत्नहि झाला. जेजू येथील छुसा-संग्रहालय २०१० सालीं उघडलें. शिल्पज्ञ सुंग ह्यो-सांग यानें त्याचा आकार 'सेहान्दो'तील घरावरून घेतला: साधें उतरतें छप्पर, कोरी भिंत, एक गोल खिडकी. दालनें बहुतांशीं जमिनीखालीं आहेत. गांवचे लोक त्याला बटाट्यांचें गोदाम म्हणूं लागले. शिल्पज्ञास हें लागलें कीं नाहीं, कोण जाणे. आम्हांस मात्र ही टीका नसून प्रशस्तिच वाटते. ज्या घरांत दाखविण्यासारखें कांहीं नाहीं त्याचें स्मारक गोदामासारखेंच दिसावयाचें. येसानच्या संपादकांनीं छुसाचें वैभव छापलें, जेजूच्या शिल्पज्ञानें त्याचा रितेपणा छापला. दोहोंपैकीं आमची पसंती दुसऱ्यास.

एवढ्यावरून येसानचा फेरा व्यर्थ, असें कोणी समजूं नये. तेथें एक जागा अशी आहे कीं, ती ना चित्रांत आहे ना संग्रहालयांत. ती म्हणजे आन्छे. दर्शनी पडवीवर फळ्या वाचीत रेंगाळणारे पाहुणे येथें बहुधा झटकन येऊन जात असतील, कारण येथें पाहण्यासारखें काय, तर चौक, ओसरी, चुली. पण त्या हांगुल पत्रांचा पत्ता हा. जे जिन्नस समुद्रावर नासले ते याच चौकांत बांधले गेले, आणि उत्तर येण्यापूर्वीं बांधणारी गेली. संपादकांस एक सूचना करण्याचा अधिकार टीकाकारास असेल तर ती अशी: खांबावरच्या चार फळ्या कमी झाल्या तरी चालेल, पण त्या पत्रांपैकीं दोन-चार येथें, चुलीच्या बाजूस, साध्या कागदावर वाचावयास ठेवावीं. राजकन्येच्या उपासाला द्वार आहे. या दुसरीच्या स्वयंपाकाला कांहींच नसावें हें बरें दिसत नाहीं.

१८५१ सालीं छुसास पुन्हा एकदां, या वेळीं उत्तरेकडे बुकचॉंगला, हद्दपारी भोगावी लागली. वर्षभरानें सुटल्यावर तो ग्वाचॉनला राहिला. तेथून जवळच्या बोंगउन्सा मठांतील ग्रंथालयाच्या पाटीसाठीं त्यानें दोन मोठीं अक्षरें लिहिलीं. मृत्यूपूर्वीं तीन दिवस लिहिलेलीं म्हणून तीं प्रसिद्ध आहेत, आणि नुकतेंच गिरवूं लागलेल्या पोराच्या हातचीं वाटावीं इतकीं भाबडीं आहेत. त्याच वर्षीं त्यानें एक जोडओळ लिहिली. ती आज सोलच्या कान्सोंग संग्रहांत आहे. ओळी मुळांत एका जुन्या चिनी कवीच्या. उत्तम जेवण कोणतें, तर घरचें सोयाबीनचें पनीर, काकडी, आलें व भाजी. उत्तम मेळावा कोणता, तर नवराबायको, मुलें व नातवंडें, असा त्यांचा आशय. अक्षर जाड, संथ, कसलीहि घाई नसलेलें. तें लिहिलें त्या वर्षीं, १८५६ सालीं, येसानची ती पत्रांची मालकीण जाऊन चौदा वर्षें झालीं होतीं.